पिंपांतली बिअर आणि गिऱ्हाइकांचा लढा

इंग्लंडांतील कोणत्याहि जुन्या खेड्यांत गेलें असतां दोन इमारती हटकून दृष्टीस पडतात: एक चर्चची व दुसरी पबची. ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप आहे. सर्वांस मोकळें असलेलें घर, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडील गुत्त्याचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून या संस्थेकडे पाहिलें तर तिचें खरें स्वरूप ध्यानांत येणार नाहीं. शेतावरून परतलेला मजूर, गांवचा टपालवाला, शाळामास्तर आणि प्रसंगीं पाद्रीबोवाहि तेथें एकाच बांकावर बसतात. क्रिकेटच्या सामन्याची वर्गणी तेथें जमते, निवडणुकीची चर्चा तेथें रंगते, आणि आजारी शेजाऱ्याची विचारपूसहि तेथेंच होते. आपल्याकडे जें काम देवळापुढचा पार, चावडी व चहाचें हॉटेल यांच्यांत वांटलें गेलें आहे, तें तिकडे ही एक जागा शतकानुशतकें करीत आली. यास्तव पबांत मिळणाऱ्या पेयांत बदल झाला, म्हणजे त्याचा परिणाम जिभेपुरता राहत नाहीं; तो गांवाच्या रोजच्या व्यवहारापर्यंत जाऊन पोंचतो.

मद्यपान बरें कीं वाईट, हा वाद फार जुना आहे. महाराष्ट्रांत त्याचें उत्तर कायद्यानें देण्याचाहि प्रयत्न झाला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा सर्वांस ठाऊक आहे. त्या वादाचा निकाल येथें लावावयाचा नाहीं. पैसा, सत्ता व जाहिरात यांपैकीं कांहींच हातीं नसलेल्या साध्या गिऱ्हाइकांनीं एका अवाढव्य धंद्याला आपली वाट बदलावयास कसें लावलें, त्यांत त्यांस काय साधलें आणि काय हातचें निसटलें, एवढाच येथील विषय आहे. मद्याला न शिवणाऱ्या माणसालाहि त्यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

हा लढा समजण्यासाठीं बिअर कशी होते हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. जव भिजवून त्यांस मोड आणतात व ते मोड आलेले दाणे भट्टींत वाळवितात. आपल्याकडे नाचणीचें सत्त्व करतांना जी क्रिया घरोघर होते, तिच्यासारखीच ही आहे. हे दाणे भरडून ऊन पाण्यांत मुरविले म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर बनते. तें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळतात. त्यानें पेयाला कडवटपणा येतो व तें टिकतेंहि. निवाल्यावर त्यांत यीस्ट, म्हणजे आंबविणारें किण्व, सोडतात. किण्व साखर खातें आणि तिच्यापासून मद्यार्क व वायु निर्माण करतें. येथपर्यंत नवी आणि जुनी पद्धति एकच.

फरक पडतो तो यानंतर. जुन्या रीतींत कांहीं किण्व जिवंत असतांनाच बिअर पिंपांत भरून पबाच्या तळघरांत पाठवीत. तेथें पिंपांत ती पुन्हां एकदां संथपणें आंबे, आणि तिच्याच पोटीं जन्मलेला वायु तिला हलकासा फेस देई. गाळ तळाशीं बसावा म्हणून माशाच्या फुगवट्यापासून केलेला एक पदार्थ तींत घालीत. पिंपाच्या माथ्यावरील छिद्रांत मऊ लांकडाची खुंटी ठोकून जादा वायु हळूहळू बाहेर जाऊं देत. तळघराचें उष्णमान बारा अंशांच्या आसपास राखावें लागे आणि बिअर हातपंपानें वर ओढावी लागे. एकदां पिंप फोडलें कीं तीनएक दिवसांत तें संपविलेंच पाहिजे. नाहीं तर हवा लागून बिअर आंबटढाण होते. म्हणजे बिअर करणाऱ्याचें काम कारखान्यांत अर्धेंच होई, उरलेलें अर्धें पबवाल्याच्या हातीं असे. पबवाला दक्ष असला तर अमृत, आणि आळशी असला तर शिर्का, असा हा प्रकार होता.

मोठ्या कारखानदारांस ही अनिश्चितता नकोशी वाटणें स्वाभाविक होतें. तेव्हां बिअर गाळून, तिला उष्णता देऊन तींतील किण्व मारावयाचें, ती धातूच्या बंद पिंपांत भरावयाची, आणि सोडावॉटरांत असतो त्या कर्बाम्ल वायूच्या दाबानें पेल्यांत सोडावयाची, अशी युक्ति निघाली. या बिअरला ‘केग’ म्हणतात. लंडनच्या वॉटनी कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांतच तिचे प्रयोग केले होते. परंतु तिचा खरा प्रसार १९६० च्या दशकांत झाला. ती सर्वत्र एकसारखी लागे, लवकर नासत नसे, आणि ती राखावयास कसब लागत नसे. केगच्या बाजूनें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे: त्या काळीं पुष्कळ पबांतील पिंपांची बिअर खरोखरच निष्काळजीपणानें राखलेली असे, आणि ती पिऊन विटलेल्या गिऱ्हाइकाला केगची हमी बरी वाटे. नव्या वस्तूनें जुनीला हटविलें त्यांत जुनीच्या राखणदारांचाहि दोष होता.

परंतु गिऱ्हाइकाच्या आवडीनें हा प्रश्न मिटला असता तर लढा उभाच राहिला नसता. इंग्लंडांत बहुतेक पब बिअरच्या कारखान्यांच्याच मालकीचे असत, आणि अशा पबांत मालकाचीच बिअर विकावी लागे. एक कारखाना दुसऱ्याला विकत घेई तो मुख्यत्वें त्याच्या पबांसाठीं. पब ताब्यांत आले कीं जुना कारखाना बंद करावयाचा आणि तेथें आपली केग पाठवावयाची, असा क्रम चाले. बास चॅरिंग्टन, अलाइड, व्हिटब्रेड, वॉटनी मान, करेज, आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल अशा सहा कंपन्यांच्या हातांत धंद्याचा फार मोठा भाग गेला. नॉरिच या जुन्या शहराचें उदाहरण बोलकें आहे. १९६३ सालीं वॉटनी मान कंपनीनें तेथील दोन जुने कारखाने घेतले आणि पुढील कांहीं वर्षांत ते बंद झाले. मग शहरांत पब बदलला तरी पेय बदलेना. आवडनिवड करावयास दुसरी वस्तूच समोर उरली नव्हती.

या स्थितीविरुद्ध पहिला आवाज १९६३ सालीं उठला. ‘लांकडी पिंपांतील बिअरचें रक्षण’ करण्यासाठीं एक मंडळ निघालें. मंडळी हौशी व खेळकर होती. परंतु त्यांचा भर लांकडी पिंपावर होता. कारखाने तर धातूच्या पिंपांकडे वळूं लागले होते, आणि जुन्या पद्धतीची जिवंत बिअर धातूच्या पिंपांतहि उत्तम राहत असे. पात्राच्या अभिमानांत पदार्थ बाजूला पडण्याचा तो प्रकार होता. मंडळ लहानच राहिलें.

१९७१ च्या मार्च महिन्यांत वायव्य इंग्लंडांतील चार तरुण सुटींत आयर्लंडला गेले होते. मायकेल हार्डमन, ग्रॅहॅम लीस, बिल मेलर व जिम मॅकिन अशीं त्यांचीं नांवें. आयर्लंडच्या अगदीं पश्चिम टोंकाला केरी परगण्यांत डनक्विन नांवाचें खेडें आहे. तेथील एका पबांत बसले असतां मायदेशच्या बिघडत चाललेल्या बिअरविषयीं बोलणें निघालें, आणि आपण एक चळवळ काढावी असें त्यांनीं ठरविलें. या चौघांत पैसेवाला कोणी नव्हता. त्यांच्यापैकीं कांहीं वृत्तपत्रांत काम करीत, आणि ही एक गोष्ट पुढें फार उपयोगीं पडली. पहिली वार्षिक सभा १९७२ सालीं नन्ईटन येथील ‘रोझ इन’ या पबांत भरली. जमलेले लोक मोजकेच होते. संस्थेचें मूळ नांव जरा बोजड होतें. १९७३ सालीं तें बदलून ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे ‘खऱ्या बिअरसाठीं चळवळ’, असें सुटसुटीत केलें. ‘कॅम्रा’ हा त्याचा संक्षेप आज ब्रिटनभर परिचित आहे.

‘खरी’ म्हणजे कोणती, हें या मंडळींनीं नेमकें ठरविलें आणि हेंच त्यांचें मोठें कसब. ज्या पात्रांतून वाढली जाते त्याच पात्रांत जी पुन्हां आंबते, आणि जी बाहेरच्या वायूच्या दाबाशिवाय वाढली जाते, ती खरी. पात्र लांकडी असो वा धातूचें, त्याची पर्वा नाहीं. ही व्याख्या कोणाहि सामान्य माणसाला पबांत उभें राहून पडताळतां येई. हातपंप आहे कीं नुसती कळ आहे, तळघरांत वायूची नळकांडी जोडली आहे कीं नाहीं, एवढें विचारलें कीं पुरे. ‘गुणवत्ता हवी’ ही मागणी हवेंत विरते. ‘वायु नको, किण्व जिवंत हवें’ ही मागणी विरत नाहीं. कंपनीच्या प्रतिनिधीला तिचें उत्तर होकारानें किंवा नकारानेंच द्यावें लागतें.

पुढची वाढ आश्चर्यकारक झाली. १९७३ पर्यंत सभासद पांच हजारांच्या घरांत गेले आणि १९७६ पर्यंत तीस हजारांवर पोंचले. ‘व्हॉट्स ब्रूइंग’ हें संस्थेचें पत्र १९७२ पासून निघूं लागलें. ‘गार्डियन’ या प्रतिष्ठित दैनिकांत १९७३ पासून रिचर्ड बॉस्टन यांनीं बिअरविषयीं सदर चालविलें, आणि सुशिक्षित वर्गांत हा विषय चर्चेला आला. तरीहि एवढी संख्या केवळ वृत्तपत्रांनीं जमली नाहीं. तिचें खरें बळ गांवोगांवच्या शाखांत होतें, आणि शाखा कशी चाले हें पाहण्यासारखें आहे.

शाखेचा आरंभ साधा असे. एखादा उत्साही मनुष्य स्थानिक पत्रांत सूचना देऊन एका पबांत बैठक बोलावी. पांचपंचवीस माणसें जमत. आपल्या भागांत खरी बिअर कोठें मिळते याची यादी करणें, हें पहिलें काम. त्यासाठीं सभासदांनीं पब वांटून घ्यावयाचे, तेथें जाऊन पंप पाहावयाचा, बिअर चाखावयाची आणि टिपण करावयाचें. या कामाला विद्वत्ता लागत नसे, आणि कामच मुळीं आनंदाचें असल्यामुळें मनुष्यबळाचा तुटवडा पडत नसे. बैठका निरनिराळ्या पबांत भरवीत. त्यामुळें एकाच पबवाल्याची मक्तेदारी होत नसे आणि सभासदांस आपला मुलूख आपोआप परिचित होई. मग कारखान्यांस भेटी, सहली, हाताशीं निघणारें लहानसें पत्रक, आणि वर्षांतून एकदां उत्तम पबाची निवड. पाव्हण्यासारखा आलेला नवा मनुष्य दुसऱ्या बैठकीला यादीचें काम घेऊन घरीं जाई, आणि काम मिळालेला मनुष्य टिकतो, हें कोणत्याहि मंडळाच्या चिटणीसाला सांगावयास नको. पुढें अशा दोनशेंहून अधिक शाखा ब्रिटनभर पसरल्या.

या याद्यांतूनच ‘गुड बिअर गाइड’ हें वार्षिक जन्मलें. १९७२ चा पहिला अंक म्हणजे टांचणीनें जोडलेले कांहीं कागद होते. १९७४ चें पुस्तक मात्र रीतसर छापून बाजारांत आलें, आणि त्यावरून एक गंमतीचा प्रसंग उद्भवला. कारखान्यांविषयींच्या टिपणांत वॉटनीची बिअर सांथीच्या रोगासारखी टाळावी अशा अर्थाचा शेरा छापला गेला होता. मुद्रकाला अब्रुनुकसानीची धास्ती वाटली आणि शब्द सौम्य करावे लागले. या प्रकरणाचा वृत्तपत्रांत बोभाटा झाला, आणि जी जाहिरात विकत घेण्यास संस्थेजवळ पैसा नव्हता ती तिला फुकट मिळाली. या पुस्तकाची प्रतिष्ठा टिकली ती एका नियमामुळें: पबाची निवड स्थानिक शाखेचे स्वयंसेवक करतात, आणि नांव येण्यासाठीं पबवाल्याकडून पैसा घेतला जात नाहीं.

लढ्याची दुसरी बाजू रस्त्यावरची होती. १९७३ सालीं स्टॅफर्डशायरमधील स्टोन या गांवीं ‘जूल’ नांवाचा जुना कारखाना बंद करण्याचें बास चॅरिंग्टननें ठरविलें, तेव्हां शेंकडों लोकांनीं मोर्चा काढला. कारखाना वांचला नाहीं. १९७४ सालीं तो बंद झाला. परंतु कारखाना बंद करणें हा केवळ हिशेबवहींतील विषय नाहीं, तो सार्वजनिक विषय आहे, ही गोष्ट त्या दिवसापासून कंपन्यांस विसरतां आली नाहीं. ‘जूल’ हें नांव पुढें २०१० सालीं जवळच्याच मार्केट ड्रेटन येथें निघालेल्या नव्या कारखान्यानें पुन्हां चालू केलें.

तिसरी बाजू जत्रेची. केंब्रिज येथील जुन्या धान्यबाजाराच्या इमारतींत १९७४ सालीं बिअरची जत्रा भरली. १९७५ सालीं लंडनांत कॉव्हेंट गार्डनचा फुलबाजार नुकताच दुसरीकडे हलला होता. त्या रिकाम्या जागेंत भरलेल्या जत्रेला सुमारें चाळीस हजार लोक लोटले. ज्या पेयाला गिऱ्हाईकच उरलें नाहीं असें कंपन्या म्हणत होत्या, त्यासाठीं रस्त्यावर रांगा लागलेल्या लोकांनीं पाहिल्या. १९७७ सालीं अलेक्झांड्रा पॅलेस येथें पहिली ‘ग्रेट ब्रिटिश’ जत्रा भरली. १९८० च्या जुलैंत ती इमारत आगींत सांपडली, तर त्या वर्षीं जत्रा बाहेर तंबूंत भरविण्यांत आली. या जत्रांत पिंपें चढविण्यापासून पेले धुण्यापर्यंत सारें काम बिनपगारी सभासद करीत.

परिणाम दिसूं लागला. वॉटनीची ‘रेड’ बिअर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बाजारांतून गेली. अलाइडसारख्या मोठ्या कंपनीनें १९७६ सालीं जुन्या पद्धतीची नवी बिअर काढली. तिचें नांव ‘बर्टन एल’, आणि १९९० सालीं कॅम्राच्याच स्पर्धेंत तिला सर्वश्रेष्ठ ठरविण्यांत आलें. शत्रूच्या मालाला पहिला क्रमांक देण्याइतका न्याय या परीक्षकांजवळ होता. नवे छोटे कारखानेहि निघूं लागले. मोठ्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या पीटर ऑस्टिन यांनीं १९७८ सालीं रिंगवुड येथें लहानसा कारखाना काढला, १९८० सालीं छोट्या कारखानदारांचा संघ स्थापण्यांत पुढाकार घेतला, आणि पुढें देशोदेशींच्या नवशिक्यांस ही विद्या शिकविली. २००२ सालीं सरकारनें लहान कारखान्यांवरील कर कमी केला, त्यामुळें त्यांस आणखी बळ मिळालें. १९७१ सालीं ब्रिटनमधील कारखाने दोनशेंहून कमी होते. २०१० नंतरच्या दशकांत ते पंधराशेंच्या वर गेले.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु इतिहास कोणत्याहि चळवळीला इतक्या सहजासहजीं निरोप देत नाहीं. पबांच्या मालकीचा मूळ प्रश्न शिल्लक होता. १९८९ सालीं मक्तेदारी आयोगानें त्यावर अहवाल दिला. सहा बड्या कंपन्यांकडे बिअरच्या उत्पादनाचा सुमारें तीनचतुर्थांश भाग असल्याचें त्यांत दिसून आलें. सरकारनें हुकूम काढला कीं, ज्यांच्याकडे दोन हजारांहून अधिक पब असतील त्यांनीं वरच्या संख्येपैकीं निम्मे पब बंधनांतून मोकळे करावे. तसेंच बड्या कंपन्यांच्या पबवाल्यांस दुसऱ्या एखाद्या कारखान्याची पिंपांतली बिअर ठेवण्याची मुभा असावी. चळवळीला हा मोठाच जय वाटला. पण कंपन्यांनीं हजारों पब विकून टाकले, आणि ते घेतले नव्याच जातीच्या कंपन्यांनीं. या कंपन्या बिअर मुळींच करीत नसत. फक्त पब बाळगीत, आणि कारखान्यांकडून बिअर स्वस्त घेऊन ती आपल्याच भाडेकऱ्यांस महाग विकीत. हुकूम बिअर करणाऱ्या मालकांसाठीं होता, त्यामुळें तो यांना लागू पडेना. २००३ सालीं तो हुकूमच मागें घेण्यांत आला. या भाडेकऱ्यांना कायद्याचें खरें संरक्षण मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. कुलूप एका दाराला घातलें आणि चोर दुसऱ्या दारानें आला, असें हें झालें.

दरम्यान ही कल्पना समुद्रापार गेली होती. अमेरिकेंत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळानें लहान कारखाने जवळजवळ नाहींसे केले होते. बंदी उठल्यावर घरीं द्राक्षमद्य करण्यास मोकळीक मिळाली. घरच्या बिअरला मात्र ती मिळाली नाहीं. अध्यक्ष कार्टर यांनीं १९७८ सालीं त्या कायद्यावर सही केली आणि हें वैगुण्य दूर झालें. त्याच वर्षीं कोलोराडोंतील बोल्डर येथें चार्ली पॅपझियन यांनीं घरीं बिअर करणाऱ्यांची संघटना काढली. इंग्लंडांतील जत्रा पाहून त्यांनीं १९८२ सालीं आपल्या गांवीं तशीच जत्रा भरविली. या हौशी मंडळांतूनच पुढें शेंकडों धंदेवाईक कारखानदार निपजले. १९७७ सालीं मायकेल जॅक्सन नांवाच्या इंग्रज लेखकानें (याच नांवाच्या गायकाशीं याचा कांहीं संबंध नाहीं) जगांतील बिअरांवर ग्रंथ लिहिला, आणि या पेयालाहि प्रांत, घराणीं व परंपरा असतात ही जाणीव सर्वत्र पसरली.

अमेरिकेच्या नव्या कारखान्यांनीं ज्या जुन्या प्रकाराला पुन्हां जीवदान दिलें, त्याच्या नांवांतच हिंदुस्थान आहे. ‘इंडिया पेल एल’ ही ती बिअर. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन नांवाचा कारखानदार ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांस बिअर देई, आणि ते ती मुंबई, कलकत्ता येथील गोऱ्या लोकांस विकीत. १८२२ च्या सुमारास बर्टनच्या ऑलसॉपनें या व्यापारांत उडी घेतली. आफ्रिकेला वळसा घालून यावयाच्या त्या महिनोगणतींच्या प्रवासांत टिकावी म्हणून या बिअरींत हॉपचें प्रमाण अधिक असे. ज्या कडवटपणाचें आज जगभर कौतुक होतें, त्याची बाजारपेठ अशा रीतीनें आपल्या बंदरांत होती. पुण्यांत २००९ सालीं बिअरचा एक छोटा कारखाना निघाला, त्यानें ‘डूलाली’ हें नांव घेतलें. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. तेथील छावणींत परतीच्या जहाजाची वाट पाहून वेडावलेल्या गोऱ्या शिपायांनीं तो इंग्रजींत नेला आणि त्याचा अर्थच ‘वेडा’ असा झाला.

कॅम्राकडे पुन्हां वळलें असतां तिच्यापुढें आतां वेगळाच पेंच दिसतो. २००४ सालीं पॉला वॉटर्स या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २००९ सालीं सभासद एक लक्षावर गेले, आणि २०१८ च्या सुमारास ही संख्या एक लक्ष नव्वद हजारांच्याहि वर होती. परंतु याच काळांत नव्या पिढीचे कारखानदार उत्तम बिअर केगमध्यें भरूं लागले. ती न गाळलेली, न तापविलेली, चवीला अस्सल असे, पण वाढली जाई वायूच्या दाबानें. संस्थेच्या जुन्या व्याख्येप्रमाणें ती खोटी. जिभेच्या न्यायानें खरी. संस्थेनें आपला उद्देश व्यापक करून सर्व पबगामी लोकांची कैवारी व्हावें, असा ठराव २०१८ सालीं कॉव्हेंट्री येथील सभेंत आला. त्यास पंचाहत्तर टक्के मतें हवीं होतीं. बहात्तर टक्क्यांहून थोडीं अधिक पडलीं, आणि ठराव फेटाळला गेला. चांगल्या बिअरविषयीं लोकांस शिक्षण देण्यासारखे इतर कांहीं ठराव मात्र मंजूर झाले. ज्या नेमक्या व्याख्येनें संस्था मोठी झाली तीच आतां तिच्या पायांत येते आहे, असें एका पक्षाचें म्हणणें. व्याख्या सोडली तर संस्थेला अर्थच काय उरला, असें दुसऱ्याचें. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच मतें इतकीं जवळजवळ पडलीं.

महाराष्ट्रांतील वाचकाला या हकीकतींत परकें वाटण्यासारखें फारसें नाहीं. ज्या दशकांत हे इंग्रज आपल्या पेल्यासाठीं भांडत होते, त्याच दशकांत, १९७४ सालीं, पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीचा पाया घातला, आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तेथें वस्तु निराळ्या होत्या: धान्य, डाळ, तेल, साबण. पण रीत तीच. शेजारच्या कुटुंबांनीं संघ करावा, यादी करावी, माल पारखून एकत्र घ्यावा, कामें वांटून घ्यावीं. पुढें १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्यामागें अशाच मंडळांची चिकाटी होती. तूरडाळीसाठीं संघ करणारी गृहिणी आणि बिअरसाठीं शाखा काढणारा कारकून यांची कधीं गांठ पडली नसेल. पडती तर एकमेकांच्या हिशेबाच्या वह्या त्यांना चटकन् वाचतां आल्या असत्या.

ब्रिटनमध्यें २००० नंतरच्या दोन दशकांत हजारों पब बंद पडले. २०२० च्या महामारीनें तर सगळ्यांचींच दारें कांहीं काळ लावलीं, आणि त्यानंतर संस्थेचे सभासदहि घटले. पिंपांतल्या बिअरला याचा घाव विशेष बसतो, आणि त्याचें कारण तिच्या प्रकृतींतच आहे. ‘फर्किन’ नांवाचें लहान पिंप नऊ गॅलनांचें असतें. त्यांत बहात्तर पाइंट बिअर मावते. फोडल्यापासून तीन दिवसांत तें रितें करावयाचें तर रोज चोवीस पेले खपले पाहिजेत. गिऱ्हाइकें रोडावलीं कीं पिंप तीनाऐवजीं सहा दिवस चालतें, बिअर आंबते, ती पिऊन आलेला मनुष्य पुन्हां येत नाहीं, आणि पिंप आणखी रेंगाळतें. केगला माणसांची अशी गरज नाहीं. ती एकटीच आठवडेच्या आठवडे थांबूं शकते.

म्हणून या पेयाच्या बाबतींत मंडळ काढणें ही फावल्या वेळची हौस राहत नाहीं. रोज चोवीस पेले रिकामे करणारीं माणसें जोंपर्यंत एका ठिकाणीं नेमानें जमतात, तोंपर्यंतच जुन्या पद्धतीची बिअर त्या गांवांत जगूं शकते. कायदे आले आणि गेले, कंपन्या विकल्या गेल्या, व्याख्येवर मतें पडलीं; हा तीन दिवसांचा हिशेब मात्र १९७१ सालीं होता तसाच आहे. नॉरिचचे दोन जुने कारखाने गेले ते परत आले नाहींत. परंतु त्याच शहरांतील सेंट अँड्रूज हॉल या जुन्या मठाच्या सभागृहांत स्थानिक शाखेनें बिअरची जत्रा भरविण्यास आरंभ केला, आणि तेथें ओळीनें मांडलेल्या पिंपांवर पुन्हां निरनिराळ्या गांवांचीं नांवें वाचावयास मिळालीं.